संगणकाला पाण्याचा कुलर हवा का?

गेल्या मे महिन्यात रिसोडला घरी गेलो होतो. दुपारी दोनच्या सुमारास शेजारचा बारावीत शिकणारा मुलगा आला. लग्नसराईत तो एका फोटो स्टुडिओसाठी चित्रफितींच्या संकलनाचे काम करतो आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवतो. त्याची तक्रार अशी : "काका, सकाळी जे काम चाळीस मिनिटांत होते, त्यालाच दुपारी पंचावन्न मिनिटे लागतात. संगणक तापतो आणि रेंगाळतो." त्यावर त्याने दोन उपाय ठरवले होते. एक म्हणजे प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग करायचे, म्हणजे त्याच्या घड्याळाची वारंवारिता कारखान्यात ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वाढवायची. आणि दुसरा म्हणजे वाढलेल्या उष्णतेसाठी पाण्यावर चालणारा कुलर बसवायचा. मागच्या हंगामातली बरीचशी कमाई त्यात जाणार होती. त्याला माझ्याकडून एवढेच हवे होते, "एका पंख्याचा घेऊ, दोन पंख्यांचा की तीन पंख्यांचा?"

त्याने दाखवलेली माहितीपत्रके मी वाचली. अशा पत्रकांमध्ये साधारणपणे तीन दावे असतात : पाणी हवेपेक्षा कितीतरी चांगले, पाण्यामुळे प्रोसेसर गारेगार राहतो, आणि म्हणून वेग हवा तेवढा वाढवता येतो. तिन्ही दाव्यांत थोडे थोडे सत्य आहे. परंतु तिन्ही मिळून जे चित्र उभे राहते ते भौतिकीला धरून नाही. हे दावे आपल्या वर्गात तपासून पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांना लागणारे सगळे ज्ञान शालेय पुस्तकांतच आहे.

पाणी हवेपेक्षा चांगले?

सारख्याच आकारमानाचे पाणी आणि हवा घेतली, तर एक अंशाने तापण्यासाठी पाण्याला हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता लागते. म्हणून पहिला दावा खरा आहे. प्रोसेसर १३३ वॅट उष्णता देत असेल आणि त्यावरून मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर एका फेरीत पाण्याचे तापमान किती वाढेल? मिनिटाला सुमारे ८००० ज्यूल उष्णता मिळते. एक किलोग्रॅम पाण्याला एक अंशासाठी ४२०० ज्यूल लागतात. म्हणजे वाढ जेमतेम २ अंश. हा हिशेब नववी-दहावीचा विद्यार्थी करू शकतो.

पण नेमके इथेच थांबल्याने घोटाळा होतो. पाण्याने घेतलेली उष्णता जाते कोठे? ते बंद नळीतून रेडिएटरकडे जाते, रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवरून पंखा हवा फेकतो आणि उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच येते. पाणी उष्णतेचे वाहन आहे. उष्णतेचा मुक्काम हवाच आहे. तेव्हा पाण्याचा म्हणवला जाणारा हा कुलरसुद्धा अखेर हवेवरच चालतो. फरक इतकाच की उष्णता सोडण्याची जागा प्रोसेसरपासून दूर नेता येते आणि तिचे क्षेत्रफळ मोठे ठेवता येते.

गारेगार म्हणजे किती?

उष्णतेच्या प्रवाहालाही ओहमच्या नियमासारखाच नियम लावता येतो. विद्युतधारेच्या जागी वॅटमध्ये मोजलेला उष्णतेचा प्रवाह घ्या, विभवांतराच्या जागी तापमानातला फरक घ्या आणि रोधाच्या जागी उष्मारोध. उष्मारोधाचे एकक झाले अंश प्रति वॅट. मग प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक वॅट गुणिले एकूण उष्मारोध. चिप, तिच्यावरचे धातूचे झाकण, मधली पेस्ट आणि वरचा कुलर हे रोध एकसरीत जोडलेले असतात. कुलर बदलला की फक्त शेवटचा रोध बदलतो. आधीचे तसेच राहतात.

हिशेबासाठी असे धरू : चिपपासून पेस्टपर्यंतचा रोध ०.१५, चांगल्या पंख्याच्या कुलरचा ०.२० आणि पाण्याच्या कुलरचा ०.१२. प्रत्येक यंत्राचे आकडे थोडे वेगळे असतील. परंतु विचाराची दिशा तीच राहील. रिसोडला मे महिन्यात दुपारी ४२ अंश ही काही नवलाई नाही. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीतही तेवढेच तापमान धरू.

कारखान्याच्या वेगावर प्रोसेसर १०० वॅट घेतो. पंख्याचा कुलर असेल तर तापमान ४२ अधिक ३५, म्हणजे ७७ अंश. ओव्हरक्लॉकिंगने १३३ वॅट झाले तर त्याच कुलरवर ८९ अंश. आता पाण्याचा कुलर बसवला तर ७८ अंश. म्हणजे बरेच पैसे खर्च करून आपण मूळच्या तापमानाच्या आसपास परत आलो. याउलट, जुनाच कुलर ठेवून खोली ३० अंशांवर आणली, तर ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसरही ७७ अंशांवर राहील. पाण्याच्या कुलरने जे ११ अंश मिळवले, ते १२ अंश थंड खोलीने मिळवून दिले.

'गारेगार' या शब्दाचा अर्थ एवढाच. खोलीतल्या हवेच्या तापमानाखाली हा कुलर प्रोसेसरला कधीही नेऊ शकत नाही, मग पंखे एक असोत की तीन.

मात्र विदर्भातल्या प्रत्येक घरात असा एक कुलर असतो, जो हवेच्या तापमानाखाली जातो : खिडकीला लावलेला, गवताच्या ओल्या ताट्यांचा. तो उष्णता नुसती हलवत नाही. पाण्याची वाफ होताना लागणारा अप्रकट उष्मा हवेतून काढून घेतो. ४३ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना ओल्या तापमापीचे तापमान २३ अंशांच्या आसपास येते. ताट्या चांगल्या भिजलेल्या असतील तर कुलरची हवा २८-२९ अंशांपर्यंत उतरते. रांजणातले पाणी थंड होते तेही याच कारणाने. १३३ वॅटच्या प्रोसेसरने तासाभरात दिलेली सगळी उष्णता बाष्पीभवनाने काढायची, तर सुमारे २०० मिलिलिटर पाणी पुरते. एक पेलाभर!

येथे दोन सूचना द्यायला हव्यात. या कुलरची ओली हवा थेट संगणकाच्या पेटीत सोडू नये. तिच्याबरोबर पाण्याचे तुषार आणि क्षार आत जातात. संगणक झोताबाहेर ठेवावा आणि खोलीची एक खिडकी उघडी ठेवावी. दुसरे म्हणजे, "नळीतल्या पाण्यात बर्फ टाकला तर?" असे विद्यार्थी हमखास विचारतात. जो पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली जातो त्यावर पाणी साचते. मेच्या कोरड्या दुपारी बाहेर दवबिंदू ११ अंशांच्या आसपास असतो, पण ओल्या ताट्यांचा कुलर चालू असलेल्या खोलीत तो २० अंशांपर्यंत चढतो. बर्फाच्या पाण्याची नळी तेथे घामेजणार आणि थेंब विजेच्या मंडलावर पडणार.

वेग वाढवण्याची किंमत

तिसरा दावा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत कच्चा आहे. प्रोसेसरची वीज ढोबळमानाने वारंवारितेच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारिता ४ वरून ४.४ गिगाहर्ट्झ केली, तर स्थिर चालण्यासाठी दाबही बहुधा वाढवावा लागतो. दोन्ही १० टक्क्यांनी वाढले, तर १.१ चा घन म्हणजे १.३३. काम १० टक्के जास्त, उष्णता ३३ टक्के जास्त. वर घेतलेले १३३ वॅट इथूनच आले. द्रव नायट्रोजन आणि द्रव हेलियम ओतून ९ गिगाहर्ट्झच्या पुढे जाण्याचे विक्रम झाले आहेत. पण ते थोड्या वेळापुरते असतात. त्यांवर लग्नाची चित्रफीत तयार होत नाही.

मग पाणी वापरणारे चुकतात काय?

मुळीच नाही. आपल्याच राज्यात पुण्याला, पाषाणच्या आयसरमध्ये, सी-डॅकने राष्ट्रीय महासंगणन अभियानात उभारलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक २०१९ पासून आहे. सुरुवातीची त्याची क्षमता सेकंदाला ७९७ लाख कोटी गणिते करण्याची होती. त्यात पाणी थेट प्रोसेसरला चिकटलेल्या पट्ट्यांतून फिरवले जाते. एकेका कपाटात इतके प्रोसेसर दाटीने बसवलेले असतात की तेवढी उष्णता काढायला लागणारी हवा त्या फटींतून फिरवणेच अवघड. तेथे पाण्याचा साडेतीन हजार पटींचा फायदा खरोखर कामी येतो.

झुरिकचे उदाहरण आणखी बोलके आहे. तेथील ईटीएच या विद्यापीठात आयबीएमने २०१० मध्ये बसवलेल्या 'अ‍ॅक्वासार' या संगणकाला थंड करण्यासाठी चक्क ६० अंशांचे पाणी वापरले जाई आणि बाहेर पडणाऱ्या उष्णतेने विद्यापीठाची इमारत ऊबदार ठेवली जाई. ज्याला हात लावला तर पोळेल अशा पाण्याने शीतन होते, कारण प्रोसेसर त्याहूनही तप्त असतो. उष्णता वाहण्यासाठी पाणी थंड असावे लागत नाही. तापमानात फरक असावा लागतो.

घ्यायचाच असेल तर

पेटी अरुंद असेल, आवाज कमी हवा असेल किंवा प्रोसेसर मुळातच २००-२५० वॅटचा असेल, तर पाण्याचा कुलर योग्य ठरू शकतो. मग पंख्यांच्या रंगीत दिव्यांकडे न पाहता चार गोष्टी पाहाव्यात. रेडिएटरचे क्षेत्रफळ किती आहे. पाण्याच्या वाटेवर तांबे आणि अ‍ॅल्युमिनिअम एकत्र आहेत का. असल्यास विद्युतघटासारखी रासायनिक क्रिया होऊन अ‍ॅल्युमिनिअम झिजते, म्हणून गंजरोधक द्रव आवश्यक ठरतो. पंप सर्वांत उंच जागी येणार नाही ना. कारण नळीतली हवा वर जमते आणि पंप कोरडा फिरतो. आणि हमी किती वर्षांची आहे. कारण बंद नळीतूनही पाणी वर्षानुवर्षे थोडे थोडे झिरपून कमी होत असते.

आपल्या शिकवण्याविषयी थोडेसे

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या मुलाच्या संगणकाची पेटी उघडली. कुलरच्या पत्र्यांमध्ये धुळीचा नमदा बसला होता. समजा त्यामुळे ०.२० चा उष्मारोध ०.४० झाला होता. मग सकाळी खोली ३० अंश असताना प्रोसेसर ८५ अंशांवर चालत असणार आणि दुपारी ९७ वर. ९५ ते १०० अंशांच्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. त्याच्या पंचावन्न मिनिटांचा उलगडा एवढ्यात होतो. आम्ही ब्रशने धूळ काढली, वाळलेली पेस्ट बदलली आणि पेटी भिंतीपासून हातभर पुढे सरकवली. त्या दुपारी काम पुन्हा चाळीस-बेचाळीस मिनिटांवर आले. खर्च झाला तो पेस्टच्या नळीचा. ओव्हरक्लॉकिंगचा विचार त्याने अजून सोडलेला नाही; पण आता तो वॅट विचारतो.

त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतला एक लेसर सारखा तापून बंद पडत होता, तेव्हा मी पंप बदलला, नळ्या बदलल्या, पाणीही बदलले. दोन दिवसांनी लक्षात आले की रेडिएटरसमोर कोणीतरी रिकामी खोकी रचून ठेवली होती, आणि तो कोणीतरी मीच होतो. विशिष्ट उष्मा मला तोंडपाठ होता. उष्णता पुढे कोठे जाते हे विचारायची सवय मात्र नव्हती.

ही सवय वर्गात लावता येईल. दोन तापमापी घ्या. एकीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा, दुसरी कोरडी ठेवा. दोन्हींवर पंख्याची हवा सोडण्यापूर्वी विद्यार्थ्यांना भाकीत लिहायला सांगा. कोरडी तापमापी पंख्याने उतरेल असे बरेच जण लिहितील. ती उतरत नाही. फक्त ओली उतरते. मग विचारा : पाण्याने भरलेल्या बंद नळीचा कुलर या दोहोंपैकी कोणत्या तापमापीसारखा आहे? त्याचे उत्तर ज्याला सकारण देता आले, तो माहितीपत्रकाने सहसा फसणार नाही.