वाचलेला आणि तारलेला

‘लॉस्ट’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा पहिला भाग २२ सप्टेंबर २००४ रोजी प्रक्षेपित झाला आणि शेवटचा २३ मे २०१० रोजी. सिडनीहून लॉस एंजेलिसकडे निघालेले विमान एका अज्ञात बेटावर कोसळते आणि त्यातून वाचलेल्या प्रवाशांना तेथे दिवस काढावे लागतात, एवढ्या बीजातून सहा पर्वांचा हा वृक्ष वाढला. बेटावर कोठून तरी आलेले ध्रुवीय अस्वल आहे, रानात पुरलेले पोलादी झाकण आहे आणि झाडे मोडत हिंडणारा काळा धूर आहे. या कोड्यांच्या मागे जगभरच्या चाहत्यांनी रात्रीच्या रात्री जागवल्या. प्रस्तुत लेखकही त्यांपैकीच एक. परंतु कोडी बाजूला ठेवल्यावर या मालिकेत काय उरते, असे कोणी विचारले, तर मी दुसऱ्या पर्वाच्या दहाव्या भागाकडे बोट दाखवीन. ११ जानेवारी २००६ रोजी प्रथम दाखविलेल्या या भागाचे नावच ‘तेविसावे स्तोत्र’ असे आहे. जुन्या लॅटिन क्रमानुसार आपल्या वडीलधाऱ्यांच्या पुस्तकांत ते बाविसावे असे. मेंढपाळाचे स्तोत्र म्हटले की लहान मुलालाही कळते.

भागाचा नायक आहे मिस्टर एको, नायजेरियातून आलेला धिप्पाड, मितभाषी पुरुष. ही भूमिका अडेवाले अकिनोये-अग्बाजे या नटाने केली आहे. कथा दोन काळांत चालते. एको लहान असताना त्याच्या गावात बंदूकधारी शिरतात, खेळणाऱ्या पोरांना पकडतात आणि एकोचा धाकटा भाऊ येमी याच्या हाती पिस्तूल देऊन एका वृद्धाला मारण्याचा हुकूम सोडतात. येमीचे हात थरथरतात. तेव्हा एको पुढे होतो, भावाच्या हातातील शस्त्र घेतो आणि स्वतः गोळी झाडतो. टोळीचा म्होरक्या खूश होऊन त्याच्या गळ्यातील क्रूस हिसडून फेकतो आणि त्याला आपल्याबरोबर नेतो. मातीत पडलेला तो क्रूस येमी उचलतो. पुढे येमी धर्मगुरू होतो आणि एको अमली पदार्थांचा निर्दय व्यापारी.

वर्षांनंतर थोरला भाऊ धाकट्याच्या चर्चमध्ये येतो. त्याला हेरॉइन देशाबाहेर न्यायचे आहे आणि मिशनरींच्या विमानाला वाट मिळते हे त्याला ठाऊक आहे. पवित्र मरियेच्या पोकळ पुतळ्यांत माल भरायचा आणि स्वतःला धर्मगुरू ठरविणाऱ्या कागदांवर येमीची सही घ्यायची, हा त्याचा बेत. येमी दबावाखाली सही करतो, पण आयत्या वेळी भावाला अडवायला धावपट्टीवर येतो. सैनिकांच्या गोळीने तो पडतो. विमान त्याला घेऊन उडते, एको मात्र त्याच्याच साथीदाराच्या लाथेने खाली राहतो. अंगावर धर्मगुरूचा वेश पाहून सैनिक त्याला आदराने विचारतात, ‘फादर, आपण ठीक आहात ना?’ त्या एका प्रश्नातून त्याचा पुढचा जन्म सुरू होतो.

कॅथलिक प्रेक्षकाला येथे खटकण्यासारखे पुष्कळ आहे. पवित्र मातेच्या पुतळ्यात हेरॉइन हे दृश्य पाहून घरातील आजीने टीव्ही बंद करायला सांगितले, तर तिला दोष देता येणार नाही. तथापि थोडे थांबून पाहिले, तर ही विटंबना मालिकेने केलेली नाही, ती एकोने केलेली आहे, आणि मालिका तिला विटंबना म्हणूनच दाखविते. श्रद्धेचे बाह्य कवच शाबूत ठेवून आत विष भरणे हा प्रकार आपल्याला केवळ पडद्यावरून माहीत आहे असे नाही. बेटावर चार्ली हा व्यसनी कॅथलिक तरुण असाच एक पुतळा जवळ बाळगून असतो. एको तो त्याच्यासमोर फोडतो तेव्हा आपल्याला जो धक्का बसतो, तो पुतळा फुटल्याचा नसतो, आत काय होते ते दिसल्याचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोणी सही केल्याने कोणी धर्मगुरू होत नाही. गुरुदीक्षेचा संस्कार केवळ बिशप देऊ शकतात. साध्या धर्मगुरूच्या सहीने, तीही धाकदपटशाने घेतलेल्या, कागद तयार होतो, याजक नव्हे. पटकथाकारांनी हा भाग फार सैलपणे हाताळला आहे, यात शंका नाही. पण या सैलपणातूनच भागाचा गाभा उभा राहतो. कोसळलेले विमान शोधून काढल्यावर एकोला त्यात आपल्या भावाचे कलेवर सापडते. तो रडतो. चार्ली वैतागून त्याला विचारतो, तू धर्मगुरू आहेस की नाहीस? एको भावाजवळ मिळालेला क्रूस आपल्या गळ्यात घालतो आणि होकार देतो. ख्रिस्तसभेच्या कायद्याने हे उत्तर चूक आहे. तरीही ते खोटे वाटत नाही. सही घेताना कागदावर जे खरे होते ते आत खोटे होते. आता कागदावर काहीच नाही आणि आत काहीतरी खरे होऊ लागले आहे. एको याजक झालेला नाही, पण ज्या जबाबदारीचे त्याने सोंग घेतले होते, ती त्याने आता अंगावर घेतली आहे.

पुढच्या एका भागात तो क्लेअर आणि तिच्या तान्ह्या बाळाला स्नानसंस्कार देतो, आणि येथे मालिका कायद्याच्याही बाजूने उभी राहते. गरजेच्या प्रसंगी योग्य हेतू बाळगून कोणीही मनुष्य बाप्तिस्मा देऊ शकतो, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे; आपल्या कितीतरी सुईणींनी आणि परिचारिकांनी ती आचरली आहे. पापांची क्षमा मात्र एको देऊ शकत नाही. पाणी त्याच्या हाती आहे, चाव्या नाहीत. ही मर्यादा ध्यानात ठेवली, तर त्याच्या व्यक्तिरेखेचे दुःख अधिक खोल दिसते, कारण ज्याची त्याला स्वतःला सर्वांत जास्त गरज आहे, तेच देणारा या बेटावर कोणी नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘लॉस्ट’ ही वाचण्याची कथा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु मराठीत ‘वाचणे’ आणि ‘तारण होणे’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि हा भाग त्या दोहोंमधील अंतर दाखवितो. आपल्याला, लातूर-नांदेडकडच्या लोकांना, हे अंतर पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे क्षणात बसली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून अधिकृत गणतीनुसारही आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. ज्याच्या अंगावर भिंत आली तो गेला, ज्याच्या शेजारी पडली तो राहिला. राहिलेल्याने पुण्य केले होते असे नाही, गेलेल्याने पाप केले होते असेही नाही. शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्यांविषयी प्रभू येशूने लोकांना हेच बजावले होते, आणि त्याच दमात पश्चात्तापाची हाकही दिली होती. वाचणे हे कोणाच्या योग्यतेचे प्रशस्तिपत्र नसते. ती उसनी मिळालेली मुदत असते आणि खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो.

त्या दुसऱ्या दिवसाचेही मालिकेला भान आहे. पहिल्या पर्वात बेटावरचे पिण्याचे पाणी संपत येते, कोणीतरी ते लपवून ठेवतो, आणि डॉक्टर जॅक सर्वांना सांगतो की एकत्र जगायला शिकलो नाही, तर एकेकटे मरू. ज्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील प्रेक्षकाला हा प्रसंग परका वाटू नये. घागरीमागे घागर लावून उभे राहताना माणूस शेजाऱ्याशी कसा वागतो, ते त्याने पाहिलेले आहे.

एकोच्या बाबतीत हा दुसरा दिवस फार भयंकर आहे. पहिली गोळी त्याने भावासाठी झाडली. निरपराध माणसाला मारणे कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही, हे खरे. परंतु तो मुलगा होता, डोक्यावर बंदुका होत्या, आणि भय व सक्ती यांनी दोष कमी होतो, हेही ख्रिस्तसभा शिकविते. कोणताही समजूतदार धर्मगुरू त्या मुलाला प्रथम जवळ घेईल. पण त्यानंतर हेरॉइन विकायला आलेल्या दोघांचे गळे त्याने चिरले, तेव्हा कोणी त्याच्यावर बंदूक रोखलेली नव्हती. भावाच्या चर्चमध्ये तो पुतळे मागायला आला, तेव्हा तो मुलगा नव्हता. ‘तेविसावे स्तोत्र’ हा फरक चोख ओळखतो. म्हणूनच रानात काळा धूर समोर उभा राहून गतायुष्याची चित्रे दाखवितो, तेव्हा एको पळत नाही आणि समर्थनही करीत नाही, नुसता पाहत राहतो. त्याआधी विमान पडल्याच्या पहिल्याच रात्री हल्लेखोरांपैकी दोघे त्याच्या हातून मारले गेले होते आणि त्याने चाळीस दिवस मौन पाळले होते. हे मौन आणि हे पाहणे मिळून जे होते, त्याला आपण पश्चात्तापाची सुरुवात म्हणू.

नेमक्या याच जागी तिसऱ्या पर्वातील ‘जगण्याची किंमत’ या अर्थाच्या नावाच्या भागाशी माझे भांडण आहे. १ नोव्हेंबर २००६ रोजी दाखविलेल्या या भागात येमीचे रूप घेतलेली आकृती एकोला पापनिवेदनाला बोलावते. एको नकार देतो. भावाला वाचविण्यासाठी मी मारले, त्याचा मला अभिमान आहे, मागितलेले नसताना मिळालेले आयुष्य मी जमेल तितके चांगले जगलो, असा त्याचा आशय आहे. धूर त्याला ठार करतो. अनेक चाहत्यांना हे भाषण फार उदात्त वाटते, आणि नटाने ते म्हटलेही अप्रतिम आहे. बोलावणारा येमी नव्हताच, तेव्हा त्या तोतयापुढे गुडघे न टेकण्यात एक ताठ कणाही आहे, हे मी मान्य करतो. तरीसुद्धा युक्तिवाद फसवा आहे. एको पहिली गोळी पुढे करतो आणि तिच्या आड बाकीच्या सगळ्या लपवितो. जिचा दोष सर्वांत कमी तिच्याविषयीच तो बोलतो; ज्या गळ्यांविषयी कोणतीही सक्ती साक्ष देणार नाही, त्यांचे नावही काढीत नाही. आपण सारे असेच करतो. घर चालवायचे होते, पोरांना शिकवायचे होते, दिवसच तसे होते, हे आपले एखादे खरे कारण असते, आणि त्या खऱ्या कारणाच्या पोटात आपण दहा खोटी कारणे दडवितो. मातेच्या पुतळ्यातील मालासारखीच. पटकथाकारांनी एकोला असे बोलू द्यावे, याला माझी हरकत नाही. माणसे असेच बोलतात. हरकत आहे ती त्यामागच्या संगीताला, कॅमेऱ्याला, त्या बोलण्याला विजय म्हणून सजविण्याला. पहिल्या भागाने जो फरक इतक्या कष्टाने दाखविला होता, तो दुसऱ्याने पुसून टाकला.

आणखी एक उणीव नोंदविली पाहिजे. या कथेतील नायजेरिया म्हणजे केवळ बंदुका, अमली माल आणि धूळ. ज्या देशात कोट्यवधी कॅथलिक आहेत आणि जेथून आज धर्मगुरू युरोप-अमेरिकेतील धर्मग्रामांत सेवेला जातात, तेथील एकही साधा रविवार आपल्याला दिसत नाही. येमी चांगला आहे, पण तो एकटाच चांगला आहे. त्याच्या चर्चला माणसांनी भरलेले दाखविले असते, तर एकोने काय गमावले ते अधिक कळले असते.

असे असूनही हा भाग आपल्या तरुणांनी पाहावा असे मला वाटते. लातूर आणि नांदेड येथे प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी खोल्या घेऊन राहणारी आपली मुले मोबाईलवर मालिका पाहतातच. स्पर्धेत टिकणे हा शब्द त्यांच्या कानांवर सकाळ-संध्याकाळ पडत असतो. टिकल्यानंतर काय, हे विचारणारी मालिका त्यांनी पाहिली आणि घरी येऊन वडीलधाऱ्यांशी तीवर वाद घातला, तर त्यात दोघांचेही हितच आहे. धर्मग्रामाच्या युवक मंडळात हे दोन भाग पाठोपाठ दाखवून, एकोने पापनिवेदन करायला हवे होते काय, एवढा एकच प्रश्न चर्चेला ठेवावा. संध्याकाळ अपुरी पडेल.

‘तेविसावे स्तोत्र’ संपतो तेव्हा एको भावाच्या कलेवरासह विमानाला आग लावतो आणि ज्वाळांसमोर ते स्तोत्र म्हणू लागतो. चार्लीही त्याच्याबरोबर म्हणतो. एकाने हा माल देशाबाहेर काढला, दुसरा त्याचाच गुलाम. त्याच रात्री चार्ली लपविलेल्या पुतळ्यांकडे परत जातो, हेही मालिका निर्दयपणे दाखविते. स्तोत्र म्हटल्याने तो सुधारला नाही. पण स्तोत्रात तसे वचन नाहीच. आपल्याकडे सुगी संपल्यावर रानात मेंढ्या बसवणारा धनगर ज्याने पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तो कळपाला ओढा चुकवून नेत नाही, ओढ्यातून नेतो; खांद्यावर काठी असते ती लांडग्यासाठी आणि भरकटलेल्या मेंढीसाठीही. एकोच्या हातातही बायबलमधील वचने कोरलेली एक काठी आहे. तिने तो शत्रूला हाणू शकतो. तिच्याच वाकड्या टोकाने आपल्यालाही कोणी मागे ओढू पाहत आहे, हे त्याला त्या ज्वाळांसमोर क्षणभर कळले होते. मालिकेने ते पुढे विसरू दिले, आपण विसरू नये.