राखण कीं पाळत?

घरांतील संगणक आणि त्यास बाहेरच्या जगाशीं जोडणारें जाळें यांची राखण कशी करावी, हें सांगणारीं पुस्तकें अलीकडे पुष्कळ निघतात. बहुतेकांची धाटणी जुन्या ‘घरचा वैद्य’ छापाच्या पुस्तकांची असते : हें करावें, तें करूं नये, अमुक शब्द ठेवूं नये, तमुक पत्र उघडूं नये. या पथ्यांच्या याद्या चुकीच्या असतात असें नाहीं. परंतु रोग कसा जडतो हें ज्यास कळलें नाहीं, त्याच्या हातून पथ्य चार दिवसांपलीकडे पाळलें जात नाहीं. म्हणून विद्यार्थी या विषयावर वाचण्याजोगें कांहीं सुचवा असें म्हणतात, तेव्हां आम्ही त्यांच्या हातीं एक जुनेंच इंग्रजी पुस्तक ठेवतों. क्लिफर्ड स्टोल यांचें ‘द कुकूज एग’ हें तें पुस्तक १९८९ सालीं प्रसिद्ध झालें. गेल्या उन्हाळ्यांत तें आम्ही पुन्हां एकदां वाचलें, आणि पहिल्या वाचनाच्या वेळीं न जाणवलेली एक गोष्ट मनांत सलूं लागली. तिच्याविषयीं लिहावें, हा या लेखाचा हेतु.

ग्रंथकार मूळचे खगोलशास्त्रज्ञ. त्या कामास मिळणारा पैसा संपला, तेव्हां कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेनें त्यांस आपल्या संगणक विभागांत घेतलें. १९८६ च्या ऑगस्टमध्यें त्यांच्यापुढें एक क्षुल्लक काम आलें. संगणकाच्या वापराच्या हिशेबांत ७५ सेंटांची तूट येत होती, ती कां येते हें शोधावयाचें. दोन पैशांच्या फरकासाठीं रात्रभर कीर्द-खतावणी चाळणारे मुनीम ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस या प्रसंगाची गोडी सांगावयास नको. शोध घेतां घेतां ‘हंटर’ या नांवाचा एक वापरकर्ता सांपडला. त्याचा ठावठिकाणा कोठेंच लिहिलेला नव्हता. पुढें इंग्लंडला गेलेल्या एका गृहस्थाच्या नांवानें कोणी तरी रात्रींबेरात्रीं संगणकांत वावरत असल्याचें दिसून आलें. तेव्हां स्टोल यांनीं एका शुक्रवारीं इतरांच्या मेजांवरील सुमारें पन्नास छपाईयंत्रें व टंकयंत्रें गोळा केलीं, बाहेरून येणाऱ्या एकेका तारेस एकेक जोडलें, आणि स्वतः मेजाखालीं निजून राहिले. तपास सुरू झाला तो असा.

पुस्तकाच्या नांवाविषयीं दोन शब्द. त्याचा अनुवाद ‘कोकिळेचें अंडें’ असा करण्याचा मोह होतो, आणि तो सर्वथा वावगाही नाहीं. कारण दुसऱ्याच्या घरट्यांत अंडें घालण्याची कोकिळेची खोड आमच्या वाङ्मयास फार जुनी ठाऊक आहे. तिचें ‘परभृत’ हें नांवच त्यावरून पडलें, आणि शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत दुष्यंत तिच्याच दाखल्यानें समस्त स्त्रीजातीस दूषण देतो. पण आमच्या कवींनीं कोकिळेचा कंठ गाइला (गातो तो वस्तुतः नर, पण तें असो). कावळीच्या बाजूनें कोणी लिहिल्याचें आम्हांस आठवत नाहीं. स्टोल यांचें सगळें पुस्तक कावळीच्या बाजूनें लिहिलेलें आहे. आलेली टपाल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेणाऱ्या एका साध्या कार्यक्रमास प्रयोगशाळेच्या संगणकावर गरजेहून अधिक अधिकार दिला गेला होता. तो कोणतीही वस्तु कोठेंही नेऊन ठेवूं शके. चोरानें त्याच्याच हातून आपला एक बनावट कार्यक्रम अशा जागीं ठेवविला कीं जेथील कार्यक्रम संगणक दर पांच मिनिटांनीं स्वतःच्या अधिकारानें चालवीत असे. संगणकानें तें अंडें आपलेंच समजून उबविलें, आणि त्यांतून जो निघाला तो घराचा धनी होऊन बसला. इतकी चपखल उपमा शास्त्रीय विषयावरील लेखनांत क्वचित् आढळते.

या पुस्तकाचा मोठा गुण असा कीं तें चोरास जादुगार बनवीत नाहीं. चित्रपटांतील संगणक-चोर दहा बोटांनीं विजेच्या वेगानें टंकतो आणि क्षणांत कुलपें गळून पडतात. स्टोल यांचा चोर कंटाळवाणा आहे. तो एकामागून एक दारें ढकलून पाहतो, आणि जें उघडें असेल त्यांतून आंत शिरतो. सुमारें ४५० संगणकांवर त्यानें प्रयत्न केला; त्यांपैकीं तीसाहून कांहीं अधिक ठिकाणीं त्यास यश आलें. त्यांतलीं कित्येक दारें केवळ एवढ्यामुळें उघडीं होतीं कीं कारखान्यानें घालून दिलेला परवलीचा शब्द मालकानें कधीं बदललाच नव्हता. लष्कराच्या संगणकांतही ही गत! आंत गेल्यावर तो अण्वस्त्रें, अवकाशांतील संरक्षण-योजना असले शब्द धुंडाळी. इकडे स्टोल सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होते, आणि नुकसान किती या प्रश्नास ७५ सेंट हें उत्तर मिळतांच एफबीआयचे अधिकारी विषय बदलीत होते. हा भाग इतका खुमासदार उतरला आहे कीं आमच्याकडील कचेरींत खेटे घातलेल्या वाचकास बर्कले अगदीं शेजारीं वाटावें.

दोषही आहेत. मधलीं शंभरेक पानें त्याच त्या घटनेचीं आहेत : चोर येतो, दूरध्वनि खणखणतात, माग अर्ध्यावर तुटतो. खाद्यपदार्थांच्या कृती आणि घरगुती विनोद यांचा मारा प्रथम हवाहवासा वाटतो, पुढें नकोसा होतो. आणि ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, तो जर्मनींतील हॅनोव्हरचा मार्कस हेस अखेरपर्यंत सांवलीच राहतो. तो व त्याचे साथीदार ही माहिती सोव्हिएत हेरखात्यास विकत होते, हें शेवटीं घाईघाईनें कळतें. १९९० मध्यें त्यांस शिक्षा झाली, तीही स्थगित. तीं माणसें या वाटेस कशीं लागलीं, हें पुस्तकांत फारसें उमगत नाहीं.

परंतु मनांत सलणारी गोष्ट ती ही नव्हे. चोर पकडावयाचा तर दार लावून चालणार नव्हतें, म्हणून स्टोल यांनीं तें प्रयोगशाळेच्या संमतीनें महिनोन् महिने उघडें ठेवलें. चोर मर्यादा सोडतो असें दिसतांच ते किल्ल्यांचा जुडगा तारेवर खुळखुळवीत, म्हणजे आवाज घोटाळून संभाषण तुटे. ही युक्ति मोठी गमतीची आहे. पण त्या महिन्यांत चोरानें लोकांचीं खासगी पत्रें वाचलीं, आणि तो वाचीत असतां तींच पत्रें स्टोल यांच्या छपाईयंत्रावरही उमटत होतीं. पहिल्या रात्रीं तर त्या पन्नास तारांवरून जो जो आला, त्या प्रत्येकाचें बोलणें कागदावर उतरलें. त्यांतले बहुतेक निरपराध. आपलें लिहिणें कोणी पाहत आहे याची त्यांस गंधवार्ता नव्हती. ग्रंथकारांस हें टोंचत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. बर्कलेच्या मोकळ्या वातावरणांत वाढलेला आपल्यासारखा मनुष्य गुप्तचरांच्या पंगतीस कसा येऊन बसला, याचें नवल ते वारंवार करतात. पण त्यांची बोच आपण कोणाच्या बाजूचे एवढ्यापुरतीच आहे. आपण काय वाचलें, याविषयीं ते भरभर पुढें जातात. आमच्या मतें पुस्तकाचें खरें मर्म तेथेंच होतें.

मराठींत ‘राखण’ आणि ‘पाळत’ असे दोन शब्द आहेत. शेताची राखण करतात. मनुष्यावर पाळत ठेवतात. राखणदाराचें लक्ष कुंपणाकडे असतें, पाळत ठेवणाऱ्याचें आंतल्या माणसाकडे. स्टोल यांनीं राखण म्हणून आरंभ केला, आणि नकळत, अगदीं सद्धेतूनें, ते पाळतीवर येऊन पोंचले. १९८६ सालीं हें एका माणसानें उसन्या यंत्रांवर केलें. आतां तेंच काम मोठमोठ्या कंपन्या व सरकारें ‘आपल्याच सुरक्षिततेसाठीं’ असें म्हणून करतात, आणि तें कोणत्या क्षणीं एका शब्दांतून दुसऱ्यांत गेलें हें विचारण्याची सोय आपणांपाशीं फारशी नसते.

आमच्या लोकांस या प्रश्नाचें गांभीर्य उशिरां कळतें, यास कारणही आहे. वाड्यांत आलेलें कार्ड पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनीं वाचलेलें असे, आणि बंद पाकीट आलें कीं घरांत कुजबूज सुरू होई. खासगीपण म्हणजे कांहीं तरी लपविणें, ही समजूत त्या वाड्यांतून आमच्याबरोबर सदनिकांत आली. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपण हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदांतील मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमतानें दिला, तेव्हां आमच्या एका स्नेह्यांनीं विचारलें, ‘‘पण आपल्याकडे लपविण्यासारखें आहे तरी काय?’’ कार्डावर सगळा मजकूर लिहिणाऱ्या पिढीचा तो प्रामाणिक प्रश्न होता. मात्र कार्ड वाचणाऱ्या काकू कोण हें आम्हांस ठाऊक असे, आणि त्यांचीं कार्डेंही आम्ही वाचीत होतों.

हें पुस्तक शिळें झालें असें ज्यांस वाटेल त्यांनीं २०१६ सालची हकीकत आठवावी. ‘मिराई’ नांवाच्या कार्यक्रमानें त्या वर्षीं घरोघरच्या कॅमेऱ्यांत व राउटरांत शिरून लक्षावधि यंत्रें आपल्या कह्यांत घेतलीं. आणि त्यांतील आयुध होतें कारखान्यांनीं घालून दिलेल्या साठाहून कांहीं अधिक नांवांची व शब्दांची एक यादी. तीस वर्षांनीं तेंच दार, तसेंच उघडें.

दुसरें वाचन संपलें त्या रात्रीं आम्ही दिवाणखान्यांतील राउटरची पेटी उलटी करून पाहिली. तळाशीं चिकटविलेल्या कागदावर नांव व परवलीचा शब्द, दोन्हीं छापलेलीं होतीं, आणि दोहोंच्या जागीं एकच इंग्रजी शब्द होता. पेटी बसविणारा मुलगा चार वर्षांपूर्वीं ‘‘सर, आतां कांहीं बघायला नको’’ असें सांगून गेला होता, आणि आम्ही बघितलें नव्हतें. त्या चार वर्षांत त्याच तारेवरून विद्यापीठाचे पेपर गेले, बँकेचे व्यवहार झाले, परदेशीं असलेल्या मुलीशीं तिच्या आईचें रोज रात्रीं बोलणें झालें. शब्द बदलावयास दहा मिनिटें लागलीं. नवा शब्द काय ठेवला, असें पत्नीनें विचारलें. आणि तिला तो सांगावा कीं कागदावर लिहून कपाटांत ठेवावा, याचा निर्णय त्या रात्रीं झाला नाहीं.