वहिवाट नसलेली हिरवाई

मराठी वर्तमानपत्रात 'ग्रीन कॉरिडॉर' हा शब्द दिसला की बातमी बहुधा अवयवदानाची असते. एका रुग्णालयातून हृदय किंवा यकृत निघतं, पोलीस चौक मोकळे करतात, रुग्णवाहिका कुठेही न थांबता दुसऱ्या रुग्णालयात पोचते. झाडांशी या शब्दाचा काही संबंध नाही. पण नगररचनेतला जो 'ग्रीन कॉरिडॉर' आहे, त्याची कसोटीही नेमकी हीच आहे. वीस चौक मोकळे केले आणि एकविसाव्यात गाडी अडकली, तर आधीचे वीस चौक कितीही सुंदर मोकळे असोत, उपयोग शून्य.

मी पिंपळे गुरवमध्ये राहते. 2017 साली पिंपरी-चिंचवडची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली, तेव्हा क्षेत्राधारित विकासासाठी पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर हे भाग निवडले गेले. त्यामुळे आमच्या नशिबी हिरवाई जरा जास्तच आली. राजमाता जिजाऊ उद्यान आहे, ज्याला त्याच्या नावानं क्वचितच कुणी ओळखतं, कारण सगळ्यांसाठी ते 'डायनासोर गार्डन' आहे. सुदर्शननगरला 'आठ ते ऐंशी' उद्यान आहे. आणि पवना नदीचा काठ आहे, जो कुठल्याच योजनेआधीपासून आहे. पुस्तकाचं परीक्षण करतात तसं या हिरवाईचं करायला हवं असं मला वाटतं. तिच्याबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारचं लिहिलं जातं: उद्घाटनाची बातमी आणि दुरवस्थेची बातमी. रचना चांगली की वाईट, आणि का, हे मध्येच राहून जातं.

डायनासोर गार्डनबद्दल माझी तक्रार नाही. ते आपल्या प्रकाराशी प्रामाणिक आहे. फाटकातून आत जायचं, मुलांनी डायनासोर बघायचे, मोठ्यांनी मुलांकडे बघायचं, बाहेर यायचं. बाग हे पोचायचं ठिकाण असतं. तिनं कुठे घेऊन जावं अशी अपेक्षा करणं म्हणजे नाटकाला 'ही कादंबरी का नाही' असं विचारणं.

'आठ ते ऐंशी'चं तसं नाही. ती कल्पना मूळची हिल पेन्यालोसा यांची. कोलंबियातल्या बोगोता शहरात उद्यानांचं काम पाहिलेला हा माणूस पुढे कॅनडातून जगभर एकच प्रश्न विचारत फिरला: ही जागा आठ वर्षांच्या मुलाला आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला चालेल का? प्रश्न फार चांगला आहे. सुदर्शननगरमध्ये त्याच्या उत्तरादाखल रस्त्याच्या रुंदीतली जागा गाड्यांकडून काढून चालणाऱ्यांना, बसणाऱ्यांना, खेळणाऱ्यांना दिली. जिथे प्रत्येक रुंदीकरणात पदपथ आधी कापला जातो, त्या औद्योगिक पट्ट्यात हे धाडसच आहे, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं.

पण त्या आठ वर्षांच्या मुलाला तिथून शाळेत जाता येतं का? ऐंशीच्या आजोबांना तिथून चालत नदीवर जाता येतं का? उद्यान संपतं तिथे आठ आणि ऐंशी दोघेही पुन्हा दुचाकींच्या स्वाधीन होतात. म्हणून तिथे लोक जातात कुठेच नाहीत, 'राउंड मारतात'. हा शब्दप्रयोग मला फार बोलका वाटतो. संध्याकाळी कुठलीही बाग पाहा: चार राउंड, सहा राउंड. मोबाइल पावलं मोजतो आणि माणूस निघाला तिथेच परत येतो. माझ्या कामात आम्ही नेटवर्कची ताकद ठिपक्यांवरून ठरवत नाही, जोडण्यांवरून ठरवतो. आमच्या भागातले हिरवे ठिपके उत्तम आहेत. जोडण्या गाडीसाठी आहेत.

यासाठी मराठीत शब्द नव्हते असं नाही. विकास आराखड्यातला 'हरित पट्टा' हा त्यातला सर्वात निर्जीव. तो नकाशावरचा रंग आहे, इथे बांधू नका एवढंच सांगणारा. त्याच्या आधीचे शब्द पायाखालचे होते: बांध, शिव, पाणंद. दोन्ही अंगांना बाभळी-बोरी, निवडुंग, शेराचं कुंपण आणि मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. माणूस, गुरं, मुंगूस, तित्तिर सगळ्यांची ती जायची-यायची जागा. आज पर्यावरणशास्त्राच्या भाषेत ज्याला कॉरिडॉर म्हणतात, ते पाणंद आपोआप होती. आणि तिच्यामागे एक जबरदस्त शब्द होता: वहिवाट. वापरामुळे निर्माण झालेला हक्क. 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम आणि 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 143 आजही शेतकऱ्याला वाटेसाठी तहसीलदाराकडे दाद मागू देतात. शेत विकलं जाऊन त्याचे गुंठे पडले की हा शब्दही विकला जातो. गुंठेवारीत वाट ही विक्रीतून उरलेली जागा असते. पिंपळे गुरवच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती किती उरते हे सांगायला नको.

वहिवाट किती टिकते हे पाहायचं तर पवनेचा पूल ओलांडून पलीकडे जायचं. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पुण्याकडे जाते ती पिंपरी, कासारवाडी, दापोडी याच रस्त्यानं. 1685 मध्ये नारायण महाराजांनी सुरू केलेली ही परंपरा. खाली कॉंक्रीट आलं, शेजारी मेट्रोचे खांब आले, तरी वर्षातून एक दिवस तो रस्ता चालणाऱ्यांचा असतो आणि त्यासाठी कुणाला उद्घाटन करावं लागत नाही. 2021 साली पालखी महामार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हा वारकऱ्यांसाठी कडेनं स्वतंत्र पदपथ त्यात धरला गेला. तीनशे वर्षं लोक चालत राहिले म्हणून आराखड्याला त्यांची दखल घ्यावी लागली. आमच्या उद्यानांमध्ये क्रम उलटा आहे.

आता उरला नदीकाठ. पवना आमच्या एका अंगानं वाहत दापोडीला मुळेला मिळते. म्हणजे अखंड हिरवी रेषा हवी असेल तर ती निसर्गानं आखून ठेवली आहे, आणि कायद्यानंही: निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली, बांधकामाला मनाई आहे, बाग-मैदानाला मुभा. पण गावानं नदीकडे पाठ फिरवलेली आहे. इमारतींचे दर्शनी भाग रस्त्याकडे. नदीकडे कुंपणभिंती, राडारोडा आणि सांडपाण्याची तोंडं. उन्हाळ्याच्या आसपास जलपर्णी पात्र इतकं झाकते की तीच लांबून हिरवळ वाटते. मधल्या जागेत सुबाभूळ, बाभूळ, घाणेरी यांचं रान आणि मातीच्या वाटांचे तुकडे. खंड्या आणि जांभळ्या पाणकोंबड्या या काठाच्या खऱ्या रहिवासी.

इथे बोस्टनची आठवण काढायला हवी. ओल्मस्टेडनं 1880 च्या आसपास तिथे बागांची जी माळ आखली, 'एमराल्ड नेकलेस', ती आज पर्यटकांना सौंदर्यासाठी दाखवतात. तिची सुरुवात मात्र घाणीतून झाली. मडी रिव्हरचं सांडपाणी आणि भरतीचं पाणी दलदलीत तुंबून शहराला दुर्गंधी येत होती. त्यानं आधी पाण्याचा प्रश्न घेतला, त्यावर बाग रचली. गंमत म्हणजे तीही माळ पूर्ण जुळली नाही, समुद्राकडे नेणारा शेवटचा दुवा राहूनच गेला. उलट टोकाचं उदाहरण सोलचं: 2005 मध्ये उन्नत महामार्ग पाडून तिथे चंगेचन ओढा मोकळा केला. चालायला सुरेख, शहराच्या मध्यातून सलग. पण त्यातलं पाणी बहुतांशी हान नदीतून पंपानं आणून सोडलेलं. मला बोस्टनचा क्रम पटतो, सोलची सलगता हवीशी वाटते.

मुळेच्या काठावर वाकड ते सांगवी जे नदीसुधाराचं काम काढलं आहे, त्यात दोन्हींपैकी काय मिळणार? 2025 मध्ये पिंपळे निलखच्या बाजूला नागरिकांनी काठची जुनी झाडी वाचवण्यासाठी आवाज उठवला. कॉरिडॉर करायचा म्हणून असलेला कॉरिडॉर तोडायचा, हा त्यांचा आक्षेप मला वाजवी वाटतो. पण काठाला हात लावूच नका, या टोकालाही मी जात नाही, आणि त्याचं कारण साधं आहे: मी बाई आहे. संध्याकाळी सातनंतर त्या रानातून मी एकटी जाणार नाही. नुसते दिवे लावूनही जाणार नाही. दिव्यांनी उजळलेली, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाणी आणि अर्धा किलोमीटर बाहेर पडायला तोंड नाही, अशी वाट मला सापळा वाटते. शंभर-दीडशे पावलांवर गल्लीत निघणारं तोंड, एखादी चहाची टपरी, कुणाची तरी खिडकी: एवढं असेल तर मातीची वाटही चालेल. झाडांनाही मातीच बरी.

म्हणून अशा प्रकल्पांची संकल्पचित्रं पाहताना मी बाकं आणि फुलझाडं सोडून देते. त्यात नेहमी छेद दाखवलेला असतो: पाणी, पायऱ्या, झाड, सायकलवरचं मूल, फुगा. छेदात सगळं सुंदरच दिसतं. मला टोकं पाहायची असतात. पुलाखालून वाट जाते की पुलाशी संपते? नाला येऊन मिळतो तिथे साकव आहे का? पावसाळ्यात पाणी चढल्यावर, 2019 आणि 2024 ला सांगवीत चढलं तसं, वरून जायला पर्यायी वाट आहे का? फाटक आहे का, आणि असेल तर कुलपाची वेळ काय?

पलीकडे दापोडीला आणि कासारवाडीला मेट्रोची स्थानकं आहेत. पिंपळे गुरवच्या घाटापासून पवनेच्या काठानं पुलापर्यंत आणि पूल ओलांडून स्थानकापर्यंत माणसानं रोज चालत जावं, हातात डबा, पाठीवर लॅपटॉप, वाटेत एखादा खंड्या. यासाठी नवं उद्यान लागत नाही. तुटलेले चार-पाच तुकडे जोडावे लागतात, आणि जोडल्यावर ते सात-बारावर वाट म्हणून नोंदवावे लागतात.