सायलेन्सर बदलला, आलेख चढला. पण सिद्ध काय झालं?

सायलेन्सर बदलण्याआधीचा एक डायनो आलेख, बदलल्यानंतरचा दुसरा. दुसरा थोडा वर. खाली निष्कर्ष : ‘बॅक प्रेशर कमी झालं, इंजिन लीन झालं, म्हणून पेट्रोल वाढवायला हवं.’ पदवीच्या प्रकल्प-अहवालात हे वाक्य तुम्ही वाचलं असेल, कदाचित लिहिलंही असेल. त्यात गडबड कुठे आहे ते बघू.

पहिली गोष्ट, ‘लीन झालं’ हे कुठल्या इंजिनाबद्दल? कार्ब्युरेटरचा जेट जुन्या पाइपला जुळवून निवडलेला असतो. पाइप बदलला की प्रमाण हलू शकतं. फ्युएल इंजेक्शनमध्ये ईसीयू फक्त थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम बघत असेल, तर जास्तीची हवा त्याला कळतच नाही. पण ऑक्सिजन सेन्सर असेल, तर आयडलला आणि संथ वेगात तो चूक स्वतःच सुधारतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र ही सुधारणा साधारणपणे बंद असते. डायनोची रन बहुतेक पूर्ण थ्रॉटलचीच! त्यावरून रोजच्या चालवण्याबद्दल तुम्ही काय सांगणार?

दुसरी, पॉवर वाढली म्हणून पेट्रोल कमी पडतंय असं ठरत नाही. पेट्रोल इंजिनाची सर्वाधिक पॉवर साधारण लॅम्बडा 0.85 ते 0.9 च्या आसपास मिळते. मूळ गाडी त्याहून रिच असेल, तर थोडी लीन होऊनच पॉवर वाढेल. शिवाय पाइपची लांबी बदलली की परतणाऱ्या दाब-लहरींची वेळ बदलते. एका आरपीएमला फायदा, दुसऱ्याला तोटा. सगळं ‘बॅक प्रेशर’च्या खात्यात टाकून चालत नाही.

तिसरी चूक मला सगळ्यात धोक्याची वाटते. पाइप फार आखूड असेल किंवा गॅस्केट गळत असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि रीडिंग लीन येतं. ईसीयू पेट्रोल वाढवतो. इंजिन प्रत्यक्षात रिच चालतं. म्हणजे तुमचं मोजमाप आणि वास्तव नेमके उलटे!

मग करायचं काय? जुना सायलेन्सर, नवा, आणि पुन्हा जुना अशा तीन फेऱ्या घ्या. तिसरी पहिलीशी जुळली नाही, तर फरक सायलेन्सरचा नसून तापलेल्या इंजिनाचा किंवा बदललेल्या हवामानाचा असू शकतो. थ्रॉटल आणि आरपीएमच्या प्रत्येक टप्प्यावर लॅम्बडा नोंदवा, नुसता हवा-इंधन आकडा नको. शुद्ध पेट्रोलला 14.7 हा आकडा बरोबर, पण 20 टक्के इथेनॉलच्या इंधनाला तो साधारण 13.5 वर येतो. गॅस्केट आधी तपासा.

तुमचा निष्कर्ष वाचून कुणीतरी आपल्या गाडीचं मॅपिंग बदलणार आहे. चुकून लीन केलं तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह त्याचे तापतील, आणि चुकून रिच केलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याचा जाईल. दोन आलेखांवर तुमचा अहवाल पास होईलही, पण त्याचं इंजिन तेवढ्यावर सोडू नका.