प्रीलोड आणि परकीय प्रोग्राम : फ्रीबीएसडीवरील एका सोयीची चिकित्सा

एका कार्यप्रणालीसाठी बांधलेला प्रोग्राम दुसरीवर चालविणे यात आता नवल राहिलेले नाही. फ्रीबीएसडीच्या लिनक्स-अनुरूपता स्तरावर लिनक्सचा प्रोग्राम कोणताही फेरफार न करता चालू शकतो. फाईलवरील खुणा व तिने मागितलेला लोडर पाहून कर्नल तिचे कूळ ओळखतो आणि तिच्या मागण्यांना लिनक्सच्या रीतीने उत्तरे देतो. ही रचना प्रशंसेस पात्र आहे. परंतु सामायिक लायब्ररी आगाऊ चढविण्याच्या, म्हणजे प्रीलोडच्या, प्रश्नापाशी ती अडखळते.

प्रीलोडचे प्रयोजन स्पष्ट आहे. प्रोग्रामला हवे असलेले एखादे फंक्शन परक्या भूमीवर अपेक्षेप्रमाणे वागत नसेल, तर त्याच नावाचे पर्यायी फंक्शन असलेली छोटी लायब्ररी इतरांच्या अगोदर आणावयाची, म्हणजे तिचीच निवड होते. तिचे नाव लोडरला कळविण्याचा रूढ मार्ग म्हणजे 'एलडी_प्रीलोड' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. दोषाचे मूळ येथेच आहे. हे नाव लिनक्सच्या ग्लिबसीचा लोडर वाचतो आणि फ्रीबीएसडीचा स्वतःचा लोडरही वाचतो. गावात एकाच नावाचे दोन गृहस्थ असावेत आणि पत्रावर आडनाव नसावे, तसा हा प्रकार होय.

त्यातही दोघांचे स्वभाव भिन्न. सांगितलेली लायब्ररी सापडली नाही अथवा जुळली नाही, तर ग्लिबसीचा लोडर तक्रार नोंदवून पुढे जातो. फ्रीबीएसडीचा लोडर मात्र प्रोग्राम सुरूच होऊ देत नाही. त्यामुळे लिनक्स-लायब्ररीचे नाव शेलमध्ये एक्स्पोर्ट करणाऱ्या माणसाचा 'एलएस'सुद्धा चालेनासा होतो. (चालू असलेल्या शेलची अंतर्गत 'अनसेट' आज्ञा तेवढी शाबूत राहते, हे नशीबच म्हणावयाचे.) लिनक्स-प्रोग्राम सुरू करणारी स्क्रिप्ट बहुधा देशी शेलमध्येच चालते, म्हणून पुष्कळदा मूळ प्रोग्रामची पाळी येण्यापूर्वीच सर्व कोसळते आणि दोष विनाकारण अनुरूपता स्तराच्या माथी मारला जातो.

मार्गनामांमुळे घोटाळा अधिकच वाढतो. लिनक्स-प्रक्रियेने एखादा मार्ग उच्चारला की कर्नल तो प्रथम '/कॉम्पॅट/लिनक्स'च्या आत शोधतो. देशी प्रक्रियेसाठी असे होत नाही. म्हणजे एकच अक्षरमालिका दोन वाचकांना दोन निरनिराळ्या फाईली दाखवू शकते. पूर्ण मार्ग लिहिला की संदिग्धता संपली, हा समज येथे टिकत नाही.

उपायांचे मूल्य त्यांच्या व्याप्तीवरून ठरवावे लागते. स्क्रिप्टच्या आरंभी व्हेरिएबल ठेवणे हा सर्वांत सोपा व सर्वांत वाईट मार्ग. अगदी शेवटच्या ओळीत, केवळ त्या एका प्रोग्रामपुरते मूल्य देणे पुष्कळच बरे. तथापि त्या प्रोग्रामने पुढे एखादा देशी प्रोग्राम चालविला, तर वारसा त्याच्याकडेही जातो. '/कॉम्पॅट/लिनक्स'मधील 'ईटीसी' निर्देशिकेत 'एलडी.एसओ.प्रीलोड' ही फाईल ठेवल्यास देशी लोडरला तिची वार्ताही लागत नाही. मात्र मग ती एका प्रोग्रामची सोय न राहता तेथील ग्लिबसीवर चालणाऱ्या यच्चयावत प्रोग्रामांना लागू होते. एकाच्या ज्वरासाठी साऱ्या घराला काढा पाजण्यासारखे ते आहे.

2019 साली ग्लिबसीच्या 2.30 आवृत्तीत लोडरलाच '--प्रीलोड' हा पर्याय मिळाला. लोडरला थेट बोलावून लायब्ररी व प्रोग्राम ही दोन्ही नावे त्याच्या हाती देता येतात. सूचना वारशाने जात नाही आणि दुसऱ्या कोणाच्या वाचनातही येत नाही. तत्त्वतः हाच मार्ग सर्वांत निर्दोष वाटतो. पण त्यालाही एक खोट आहे. कर्नलच्या लेखी अशा वेळी चालणारी फाईल लोडर ही असते, त्यामुळे '/प्रॉक/सेल्फ/एक्सई' पाहून स्वतःचे स्थान शोधणारे प्रोग्राम चकतात. अशांसाठी शेवटच्या ओळीतील मूल्यावरच भिस्त ठेवावी लागते.

आश्चर्य असे की, याच स्वरूपाचा प्रश्न फ्रीबीएसडीने अन्यत्र सोडविला आहे. 64 बिटांच्या यंत्रणेवर तिचा 32 बिटांचा लोडर 'एलडी_32_प्रीलोड' हे वेगळे नाव वाचतो, आणि दोन्ही लोडर एकमेकांच्या वाटेस जात नाहीत. लिनक्सच्या बाबतीत ही युक्ती तशीच लागू पडत नाही, कारण ग्लिबसीचा लोडर बाहेरून आलेला आहे आणि तो आपल्या ठरलेल्या नावाखेरीज दुसऱ्या नावाला ओ देत नाही. प्रोग्रामचे कूळ कर्नलला ज्ञात असते, परंतु एन्व्हायर्नमेंट तो जसेच्या तसे पुढे सोपवितो.