शिकाऱ्याचे पाते आणि हाकाऱ्याचे पाय

शाळेच्या ग्रंथालयात सर्वांत आधी पाने सुटतात ती शिकारकथांच्या पुस्तकांची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात हौशी शिकारीचा काळ संपला. त्यापूर्वी लिहिलेली पुस्तके मात्र अजून वाचली जातात, आणि वाचली जावीतही. वाघाच्या चालीविषयी, भेकराच्या ओरडण्याविषयी ती जे सांगतात ते बहुतेक वेळा स्वतः पाहून, पारखून सांगितलेले असते. सापाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. तेथे हेच डोळस लेखक एकाएकी ऐकीव गोष्टींवर विसंबू लागतात.

ही तक्रार केवळ साहित्यापुरती असती तर या मासिकात तिला जागा मागण्याचे कारण नव्हते. पण रानात हिंडणाऱ्या साहेबासाठी सर्पदंशावरचे जे उपाय रूढ झाले, तेच पुढे प्रथमोपचाराच्या पुस्तकांत शिरले आणि तेथून आपल्या वर्गात आले. दंशावर चीर द्या, रक्त चोखून थुंका, वरच्या बाजूला घट्ट आवळून बांधा, जखमेत पोटॅशियम परमँगनेट भरा, साप मारून बरोबर न्या. यांतील एकही सूचना आज ग्राह्य नाही. ‘चूक आहे’ एवढे सांगून फळा पुसता येईल. पण ती इतकी वर्षे खरी का वाटली, हे पाहणे विज्ञानाच्या शिक्षकाला अधिक उपयोगाचे आहे.

सुरुवात जिम कॉर्बेटपासून करू, कारण त्याच्याइतका चांगला निरीक्षक या साहित्यात विरळा. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे त्याचे पुस्तक १९४४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले ते मुंबईतच. त्यातील कांडा येथील नरभक्षकाच्या कथेत तो आपली एक खाजगी समजूत सांगतो : आधी एखादा साप मारल्याशिवाय नरभक्षक वाघ हाती लागत नाही. पुढे त्याच कथेत त्याला एक मोठा नागराज दिसतो. गोळी झाडली तर वाघ सावध होईल, म्हणून तो सापाच्या अगदी जवळ जाऊन दगड हाणतो. साप मरत नाही. उलटतो आणि सरळ अंगावर येतो. दुसरा दगड मानेवर बसतो आणि प्रसंग निभावतो. कॉर्बेट समाधानाने पुढची फेरी घालू लागतो.

कॉर्बेटने ती समजूत मिस्कीलपणेच सांगितली आहे, तिच्याबद्दल त्याला धारेवर धरण्याचे कारण नाही. प्रसंग मात्र तपासून पाहावा. दगड पडेपर्यंत सापाने त्याला काहीही केलेले नव्हते. माणूस एकटा होता, डोंगरात होता आणि वैद्यकीय मदत फार दूर होती. सर्पदंश ओढवून घेण्यासाठी याहून चांगली योजना आखता येणार नाही. वाचणारा मुलगा मात्र एवढेच लक्षात ठेवतो, की नागराज माणसावर धावून येतो. पहिला दगड कोणी मारला हे त्याच्या आठवणीत राहत नाही. भारतात होणाऱ्या दंशांपैकी कित्येक दंश साप मारताना, पकडताना किंवा डिवचताना होतात. शिकारकथेने या क्षणाला शौर्य म्हटले आहे, ही माझी तिच्याविरुद्धची पहिली हरकत.

दुसरी हरकत त्या प्रसिद्ध पात्याबद्दल आहे. सर जोसेफ फेरर हे कलकत्त्याला शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. त्यांनी १८७२ मध्ये भारतातील विषारी सापांवर एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी नावाजलेली अनेक औषधे त्यांनी प्राण्यांवर तपासली होती आणि एकही उपयोगी नाही असा कठोर निष्कर्ष काढला होता. असे असता १९०४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आलेल्या एका निबंधावर लॉडर ब्रंटन, फेरर आणि लेनर्ड रॉजर्स अशी तीन नावे दिसतात. निबंधात एक स्वस्त, खिशात मावणारे साधन सुचवले होते : लहान लाकडी मुठीचे पाते, आणि मुठीच्या पोकळीत परमँगनेटचे स्फटिक. दंश झाला की वर आवळून बांधायचे, पात्याने चिरायचे, स्फटिक जखमेत चोळायचे. साधन सोपे होते आणि मागे मोठी नावे होती. ते हिंदुस्थानात ठिकठिकाणी वाटले गेले आणि शिकाऱ्यांच्या खिशात जाऊन बसले.

या उपायामागचे रसायनशास्त्र खोटे नव्हते. काचेच्या नळीत सापाचे विष आणि परमँगनेट एकत्र केले तर विष निकामी होते. पण परमँगनेट विषाला ओळखत नाही. समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाचे ते ऑक्सिडीकरण करते. हे वर्गात सहज दाखवता येईल. परमँगनेटच्या अगदी फिकट गुलाबी द्रावणात थोडे दूध घालून ठेवावे. थोड्या वेळाने गुलाबी रंग जाऊन तपकिरी झाक येते. त्या दुधात विष कोठे होते? जखमेतही हेच होते. स्फटिक भेटेल त्या रक्तामांसावर खर्ची पडतो, मांस जाळतो, आणि विष तोवर ऊतींत पसरलेले असते.

मग प्रयोगातले प्राणी का वाचले? कारण प्रयोगशाळेत साप नव्हता, सुई होती. विष कोठे टोचले, किती टोचले आणि केव्हा टोचले हे प्रयोग करणाऱ्याला ठाऊक होते, आणि उपाय हाताशी तयार होता. रानात यांतले काहीच ठाऊक नसते. नाग एका दंशात किती विष सोडतो याचे मोजमाप ॲक्टन आणि नोल्स यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केले. ही मात्रा एका दंशापासून दुसऱ्या दंशापर्यंत फार बदलते. कधी दात नुसते घासतात, कधी विषारी साप चावूनही विष सोडत नाही. त्यातच भारतातील सुमारे ३०० जातींपैकी बहुसंख्य सापांपासून माणसाच्या जिवाला धोका नाही. अंधारात, गवतात, घाबरलेल्या माणसाला कोणता साप चावला हे बहुधा कळलेलेच नसते. अशा शंभर माणसांना काहीही न करता नुसते बसवून ठेवले तरी त्यांतली बरीच वाचतील. त्यांना ब्रँडी पाजली तर ब्रँडीने वाचली, मंत्र घातला तर मंत्राने वाचली आणि पाते चालवले तर पात्याने वाचली, असे म्हटले जाईल. पात्याच्या यशाची पत्रे लिहिणारा कलेक्टर आणि गावातला मांत्रिक यांच्या पुराव्यात काहीच फरक नव्हता. दोघांनीही ‘उपाय केला नसता तर काय झाले असते’ हा प्रश्न विचारलेला नव्हता. तुलनेसाठी दुसरा गट हवा, ही गोष्ट नववी-दहावीच्या मुलांना समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पाते नुसते निरुपयोगी असते तरी एक वेळ चालले असते. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडते. अशा माणसाला चीर दिली तर रक्त थांबता थांबत नाही. घट्ट आवळलेल्या दोरीने पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि विष थोडेच असलेल्या माणसाचाही हात किंवा पाय सडू शकतो. चोखण्याचे म्हणाल, तर अमेरिकेत, जेथे शिकार आजही कायदेशीर आहे, शिकाऱ्यांसाठी विष ओढून काढण्याचे छोटे पंप विकले जात. त्यांतील एका पंपाची २००४ मध्ये चाचणी प्रसिद्ध झाली. निरुपद्रवी खुणेचे द्रव्य माणसाच्या पायात टोचून पंप लावला, तेव्हा बाहेर आले ते रक्तमिश्रित पाणी; खुणेचे द्रव्य जवळजवळ सर्व पायातच राहिले. पंप जे करू शकत नाही ते तोंडाने कसे होणार?

आता गमतीची गोष्ट पाहू. सापाच्या भीतीने शिकारी जे जे बरोबर घेत असे त्याने त्याचे काहीच रक्षण होत नव्हते. पण सापाचा फारसा विचार न करता तो जे वापरत असे त्याने मात्र होत होते. गुडघ्यापर्यंतचे बूट होते, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या जाड पट्ट्या होत्या (आपल्या ‘पट्टी’वरूनच इंग्रजीत ‘पटी’ हा शब्द गेला). रात्री पुढे कंदील धरणारा माणूस असे. तंबूत जमिनीपासून उंच खाट असे आणि तिच्यावर मच्छरदाणी असे. या सर्वांचा उपयोग पुढे मोजूनही पाहिला गेला आहे. २००९ च्या एका अमेरिकन प्रयोगात खुळखुळ्या सापांना माणसाच्या अवयवाच्या नकली प्रतिकृतीवर चावायला लावले; नुसते जीनचे कापड वर असताना आत शिरलेले विष ६० टक्क्यांहून अधिक घटले. बूट नव्हे, साधी सैल विजार! मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, अनेकदा त्याला जागही येत नाही. आग्नेय नेपाळमध्ये केलेल्या २००७ च्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून स्पष्ट संरक्षण मिळालेले दिसले. डासांसाठी लावलेली जाळी, कडा गादीखाली नीट खोचलेली असेल तर, सापालाही अडवते.

आणि येथेच शिकारसाहित्यावरची माझी सर्वांत मोठी हरकत येते. शिकारी मचाणावर बसलेला असे. रान उठवण्यासाठी गवतातून, झुडपांतून ओळीने चालत येणारे हाकारे मात्र अनवाणी असत, किंवा फार तर वहाणा घालून. त्यांच्या पोटऱ्या उघड्या, रात्रीची झोप जमिनीवर, आणि कंदील धरणारा माणूसही त्यांच्यातलाच. ‘शिकारीत सापापासून बचाव’ या मथळ्याखाली सल्ला लिहिला गेला तो बूट घालणाऱ्यासाठी. धोका होता तो हाकाऱ्याला. पुस्तकात त्याचे नावही बहुधा नसते.

आज शिकारी गेला, हाकारा राहिला आहे. भाताच्या खाचरात, उसात, गवत कापताना, पावसाळी रात्री खेकडे धरताना तो दिसतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत झाले, आणि पाव हिश्शाहून अधिक मृत्यू १५ वर्षांखालील मुलांचे होते. ही मुले आपल्या हजेरीपटावरची आहेत. २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी गमबूट, विजेरी, खाट आणि मच्छरदाणी यांइतका स्वस्त मार्ग दुसरा नाही; तरी आपल्या धड्यांत जागा अजून ‘चावल्यावर काय’ यालाच जास्त मिळते. तमिळनाडूतील इरुळा लोक पिढ्यान्‌पिढ्या सापच पकडत आले. १९७८ मध्ये स्थापन झालेली त्यांची सहकारी संस्था प्रतिविषासाठी विष पुरवते. इरुळा माणूस बिळाशी काम करतो तेव्हा हातात पहार असते. आत काय आहे याचा अंदाज घेतल्याशिवाय तो हात घालत नाही. साप शोधणे हाच धंदा असलेल्यांची ही सवय सरपणाच्या ढिगात हात घालणाऱ्या आपल्या मुलांनाही शिकवण्याजोगी आहे.

राहिला मेलेला साप. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रँक वॉल यांचे विषारी साप ओळखण्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तक उत्तम आहे. वरच्या ओठावरचे तिसरे खवले डोळ्याला आणि नाकपुडीच्या खवल्याला भिडले तर नागाचा गट. पाठीच्या मध्यरेषेवरची खवले मोठी, षट्कोनी आणि खालच्या ओठावरचे चौथे खवले सर्वांत मोठे तर मण्यार. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आपण हेच शिकलो. पण खालच्या ओठाचे चौथे खवले पाहायचे तर साप मेलेला आणि हातात असावा लागतो. संग्रहालयासाठी तयार केलेली ही युक्ती दंश झालेल्या घरात पोचली की माणसे काठ्या घेऊन साप शोधत बसतात. वेळ जातो, दुसरा दंश होतो, आणि तोडलेले डोकेही काही काळ चावू शकते. डॉक्टरला साप लागत नाही. भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी एकच आहे. पापण्या जड होणे, गिळता न येणे ही लक्षणे त्याला दिसतात. रक्ताचे थोडे थेंब कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवले आणि गोठले नाहीत, तर घोणस किंवा फुरसे यांचे विष काम करत असल्याचे कळते.

तेव्हा प्रात्यक्षिकाच्या वहीतली खवल्यांची आकृती राहू द्यावी, तिच्यात चूक काही नाही. तिच्याखाली मुलांकडून एवढे लिहून घ्यावे : ही ओळख बाटलीतल्या सापासाठी. माणसासाठी : अंगठी, कडे काढणे, चावलेला अवयव खपच्या बांधून स्थिर ठेवणे, चालू न देता वाहनाने नेणे. त्यापुढची ओळ कोरी ठेवावी आणि प्रतिविष ज्या सर्वांत जवळच्या रुग्णालयात असते त्याचे नाव व शाळेपासूनचे अंतर प्रत्येक वर्गाने स्वतः चौकशी करून, पावसाळ्याआधी, तेथे भरावे.