हवामान, माती की वाण? एका गाजलेल्या पेपरचं वाचन

बोर्दो हा फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्याजवळचा द्राक्षांचा प्रदेश. समुद्रामुळे हिवाळा सौम्य असतो. उन्हाळ्यातही पाऊस येतो, पण कुठल्या वर्षी किती येईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी द्राक्षाचा दर्जा कशावर ठरतो: हवामान, माती की वाण? या प्रश्नावर कॉर्नेलिस व्हान लेउवेन आणि सहकाऱ्यांचा २००४ चा पेपर आजही सर्रास उद्धृत होतो. रिव्ह्यू लिहिताना तुम्हालाही तो भेटेल.

आधी त्याचं बळ बघा. तिन्ही घटक एकाच प्रयोगात आहेत. जमिनी तीन: गोटे-रेवाची, खाली घट्ट चिकणमाती असलेली, आणि मुळं भूजलापर्यंत पोचतील अशी वाळूची. वाण तीन: मर्लो, काबर्ने फ्रां, काबर्ने सोव्हिन्यॉं. वर्षं पाच, १९९६ ते २०००. वेलींना वरून पाणी दिलेलं नाही. निष्कर्ष असा की हवामान आणि माती यांचा परिणाम वाणापेक्षा मोठा, आणि तो बहुधा वेलीला मिळणाऱ्या पाण्यातून घडतो. पाण्याचा माफक ताण बसला की शेंड्यांची वाढ थांबते, मणी लहान राहतात, सालीतलं रंगद्रव्य वाढतं. 'मातीची चव वाइनमध्ये उतरते' या रोमँटिक कल्पनेपेक्षा हे स्पष्टीकरण कितीतरी पटण्यासारखं आहे.

आता अडचण. हे तीन वाण परके नाहीत. डीएनए तपासणीनुसार मर्लो आणि काबर्ने सोव्हिन्यॉं ही दोन्ही काबर्ने फ्रांचीच अपत्यं. एकाच घरातली माणसं मोजून 'माणसामाणसांत फारसा फरक नसतो' म्हणावं, तसं हे होऊ शकतं. उलट जमिनी मात्र एकमेकींपासून अगदी वेगळ्या निवडल्या आहेत. आणि इथे 'हवामान' म्हणजे एकाच प्रदेशातला वर्षावर्षांतला फरक. किनारा आणि अंतर्भाग यांची तुलना नव्हे.

म्हणजे पेपर चुकीचा आहे का? अजिबात नाही. पण कुठला घटक 'मोठा' दिसतो, हे त्या घटकाला प्रयोगात किती पसरू दिलं यावरही ठरतं. हा क्रम बोर्दोतल्या त्या वाणांचा, त्या जमिनींचा, त्या वर्षांचा आहे. नाशिकच्या ठिबकवरच्या बागेत पाणी बरंचसं शेतकऱ्याच्या हातात असतं. तिथे हाच क्रम लागेल असं गृहीत धरता येत नाही.

आणखी एक. लेखकांनी 'बहुधा' म्हटलंय. उद्धृत करताना नेमका तोच शब्द गळतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये तो गाळू नका. 'अमुक घटक सर्वांत महत्त्वाचा' असं वाक्य दिसलं, की आधी मेथड्समध्ये जाऊन त्या घटकाची व्याप्ती किती होती ते बघा. निष्कर्ष त्यानंतर वाचा.